वाटेले पाठ पाह्यजे

बाबाजीचा चेहरा आठवाले मले थोडा वेळ लागते, पण त्यायचे पाय डोळे मिटले की समोर येतात. रुंद, फताडे, बोटं पंख्यासारखी पसरलेली, अन् टाचायले अशा भेगा की एखाद्या भेगीत रुपयाचं नाणं उभं राह्यलं असतं. चप्पल त्यायनं कधी घातली नाही. एक जोड होता घरात, कोणत्या तरी लग्नात मिळालेला, तो खुंटीले टांगलेला अन् त्याच्यात मेथीच्या बियाची पुडी खोचलेली. कोणी म्हटलं का बाबाजी काटा भरन, तं म्हणत, "पायाले पट्टी बांधून वाट कशी समजन मले?"

ते आमचे घरमालक. देऊळघाटले आम्ही दोनेक वर्षं भाड्यानं राह्यलो, त्यायच्या घराच्या मागच्या खोलीत. आमचे हे मालाच्या गाडीवर ड्रायव्हर, आज इकडं तं उद्या जालन्याले. बाबाजी एकटेच राहत, बाई वारल्या होत्या. जिंदगीभर मैलकुली होते, म्हणजे सरकारी रस्त्याचा एक तुकडा त्यायच्या हवाली, त्याच्यावरचे खड्डे बुजवाचे, कडेचं गवत काढाचं, पाण्याले जागा करून द्याची. रिटायर झाले तं जवळ रस्ता नाही राह्यला, अन् हात तं बसू देत नव्हते, मंग घरामागं जी बाग होती, वांगे, मेथी, भेंडी अन् एक शेवगा, त्या बागेतूनच वाट करणं त्यायनं सुरू केलं. सुरू केलं म्हणजे दर वर्षी करत अन् दर वर्षी उकरून टाकत. शेजारचे लोक हसत. बाबाजी म्हणत, "अजून जमली नाही."

मी तेव्हा वीस वर्षांची, चौथा महिना चालू होता, अन् मले भेव वाटे. कायचं ते सांगते, मंग पुढचं समजन. त्याच्या आधीच्या वर्षी सोनाळ्याकडं सासरी अंगणात पाण्याची टाकी होती, टाकीजवळ एक दगड होता, त्याच्यावर शेवाळ, अन् मी घागर घेऊन त्याच्यावरून घसरली. पाचवा महिना होता. ते लेकरू राह्यलं नाही. सासूबाई म्हणाल्या, वर पाहून चालते ही. मी वर नव्हतं पाह्यलं, मी तं पायाकडंच पाहत होती, पण कोणाले सांगाचं. तवापासून मले कुठं पाय ठेवाचा म्हटलं की आधी हात काही तरी धराले शोधे, मंग पाय उचले.

अन् या घरात माही खोली एका टोकाले अन् संडास-न्हाणी दुसऱ्या टोकाले, मधात बाग. चाळीस पावलं. चैतात आलो तवा काही नाही वाटलं, जमीन भेगाळलेली, टणक. पण आमच्या इकडची काळी माती, तिच्यावर पाणी पडलं की ती चप्पल धरून ठेवते अन् पाय सोडून देते. एक दिवस वळवाचं पाणी आलं, पाच मिनिटं, अन् मी उंबरठ्यावर उभी राह्यली ते उभीच. अर्धा तास. जाणं तं जरुरी होतं. शेवटी कुंपणाच्या तारेले धरून एक एक पाय टाकत गेली अन् तशीच परत आली, तळहाताले तारेच्या रेघा उठल्या.

बाबाजी वांग्यायच्या वाफ्यात बसले होते, सारं पाहत होते. परत आली तं म्हणाले, "माय, तू जनावराले भेतं का? साप-बिप दिसला का?"

"नाही बाबाजी."

"मंग?"

मी सांगतलं. टाकीचं सांगतलं, दगडाचं सांगतलं, लेकराचं बी सांगतलं, कसं काय सांगतलं मले माहीत नाही, इतकं तं माह्या मायले बी नव्हतं सांगतलं. ते अरेरे बी नाही म्हणाले. उठले, चुलीतली थंड राख घमेल्यात आणली, दाराच्या कोरड्या पायरीपासून पाच-सहा पावलं पसरली अन् म्हणाले, "याच्यावरून चाल."

मी चालली. ते उकिडवे बसून माह्या पायाचे ठसे पाहत बसले, जसा ज्योतिषी हात पाह्यते. बराच वेळ. मंग म्हणाले, "तू आधी टाच ठेवतं, बोटं उचलून धरतं. भेत भेत चालनाऱ्या मानसाचा पाय हाय हा. असा पाय कोन्या बी वाटेवर घसरन. पायाले बदलवू शकत नाही आपन, वाट बदलवू."

तवापासून त्यायची वाट माही झाली. त्यायनं तसं म्हटलं नाही कधी, पण लांबी मोजाची तं माह्या पावलायनं मोजत. "पोट मोठं होईन तसं पाऊल लहान होईन," म्हणत, अन् टाइल किती रुंद, दगड किती दूर, ते सारं त्या हिशोबानं.

वाटेवर काय टाकाचं याच्यासाठी त्यायचे तीन सवाल होते. कोणतीबी चीज आणली की तिच्यासमोर उभं राहून तिलेच विचारत, मोठ्यानं, "पानी कुठं जाईन? पाय कुठं जाईन? पैसा कुठं जाईन?" सिमेंटले पहिले दोन सवाल विचारतच नसत, तिसऱ्यातच ते नापास. "पेन्शनीत वाट बसली पाह्यजे," म्हणत, "वाटेत पेन्शन नाही." म्हणून मंग जे गावात फुकट पडलेलं, जे कोणाले नको, ते घमेल्यानं डोक्यावर आणत.

पह्यलं आणलं सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा. कोणाच्या तरी खळ्यावर मागच्या साली राह्यलेलं. मऊ, पिवळं, असं अंथरलं की मले त्याच्यावर झोपाव वाटलं. बाबाजी त्याच्यावरून दहा वेळा गेले-आले अन् म्हणाले, "गादी हाय गादी." दुसऱ्या दिवशी सकाळी पाह्यलं तं फाटक उघडं राह्यलेलं, सात बकऱ्या एका लायनीत उभ्या, अन् वाट खाऊन राह्यल्या. दाराकडून सुरू केली होती अन् संडासापर्यंत पोचत आल्या होत्या. मी ओरडली, "बाबाजी, वाट खाल्ली हो!" ते धोतर सावरत आले, बकऱ्यायले हाकललं नाही, उभे राहून पाह्यलं अन् म्हणाले, "खाऊ दे. खाल्ल्यावर जे उरन ते पक्कं."

उरलं ते मातीत दबलं, अन् आठ दिवसांनी पाणी पडल्यावर सारं हिरवंगार उगवलं. कुटारात दाणे होते ना! चाळीस पावलं लांब अन् दोन हात रुंद सोयाबीनचं शेत. अन् त्याच्यात पाय ठेवला की फच्. शेजारच्या बाया कुंपणावरून विचारत, "काय हो बाबाजी, वाट कवा सोंगता?" सोंगणं म्हणजे कापणी. ते बी सांगत, "दसऱ्याले या, पोतं घेऊन."

मंग आणले कवेलू, म्हणजे कौलं. लोक घरावर टिना टाकून राह्यले, जुने कवेलू उकिरड्यावर. त्यायनं ते आणले अन् धुम्मसानं ठोकून ठोकून तुकडे केले. धुम्मस म्हणजे लाकडाच्या दांड्याले लोखंडाचा जड गोळा, माती ठोकाचं. धम्म, धम्म, दिवसभर, मले पोटात बी ऐकू ये. लाल वाट झाली, दिसाले लय सुंदर. ते स्वतः चालले तं त्यायले काही नाही वाटलं, अन् मी पाय ठेवला तं कडा असे लागले का मी तिथंच बसली. ते माह्या तळव्याले हात न लावता वाकून वाकून पाहत होते, अन् मले पह्यल्यांदा त्यायच्या तोंडावर भेव दिसलं. "चूक माही हाय," म्हणाले. "माहा पाय आता पाय नाही राह्यला, खूर झाला. त्याले इचारून काय उपेग." त्या दिवसापासून प्रत्येक चीज आधी हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूनं घासून पाहत, तिथली कातडी पातळ राह्यते म्हणून. त्या हाताच्या मागं खरचटल्याच्या खुणा शेवटपर्यंत होत्या.

मुरमाचं तं वेगळंच सांगा लागन. मुरूम, लालसर बारीक दगडाची ती माती, कोणत्याबी खदानीत मिळते, पण बाबाजीले कोणताबी चालत नसे. थोडं पाणी टाकून मुठीत दाबत, लाडू करत, अन् कमरेच्या उंचीवरून खाली सोडत. सारा भुकटा झाला तं रेती जास्त. पोह्यासारखा चपटा बसला तं माती जास्त. तीन-चार तुकडे झाले पाह्यजे, तो मुरूम चांगला. कोण्या गावाले गेले की तिथल्या मुरमाचा एक लाडू करून आणत. जानेफळचा, चिखलीकडचा, कुठकुठचा. ते लाडू डब्यात ठेवत, वरून फडकं बांधत, म्हणजे सुकून तडकू नये.

सातव्या महिन्यात सासूबाई मले पाहाले आल्या. बाबाजी तवा घरात नव्हते, मी भाकरी टाकत होती, अन् सासूबाईले ओट्यावर डबा दिसला. पोटुशी बाई घरात, डब्यात लाडू, फडकं बांधलेलं, त्यायले काय वाटाचं ते वाटलं. "सुनेले मेथीचे लाडू लपवून खाऊ घालून राह्यला मालक," म्हणाल्या अन् एक उचलून कचकन चावला.

तितक्यात बाबाजी फाटकातून आत आले. सासूबाईचं तोंड लाल मातीनं भरलेलं, डोळे मोठे, थू थू करून राह्यल्या. मी तं हातातली भाकरी तशीच धरून उभी, का आता काय होते. बाबाजी जवळ आले, हातातली पिशवी खाली ठेवली, अन् अगदी गंभीरपणे विचारलं, "बाई, दाताखाली कचकच झाली का टाळूले चिकटला?"

"काय?"

"नाही, कचकच झाली असन तं रेती जास्त हाय त्याच्यात. जिभीवर जे समजते ते हातात नाही समजत. नीट आठवून सांगा."

सासूबाईनं तोंड धुतलं, गुळण्या केल्या, अन् जाईपर्यंत त्यायच्याशी बोलल्या नाहीत. पण जाताना दारात थांबून मले म्हणाल्या, "सांग त्या बुढ्याले, कचकच झाली." मी सांगतलं. त्यायनं तो मुरूम रद्द केला.

टाइलायची गोष्ट याच्या आधीची, सहाव्या महिन्यातली. गल्लीत एक फरशीवाले मिस्त्री राहत, मुसलमान, साऱ्या बुलढाण्यात बंगल्यायच्या फरश्या बसवत. ते बाबाजीले चाचा म्हणत. एका बंगल्याच्या उरलेल्या टाइला त्यायनं हातगाड्यावर भरून आणल्या. पांढऱ्या, चकचकीत, तोंड दिसे त्याच्यात. "चाचा, बहूसाठी आणल्या. राणी की तरह चालीन."

बाबाजीनं पह्यला सवाल विचारला, दुसरा विचारला, तिसऱ्याले तं फुकटच, अन् दोघायनं मिळून वीस-पंचवीस पावलं दुपारपर्यंत बसवल्या. मी दारातून पाह्यलं. तो चकाकणारा पांढरा पट्टा पाह्यला अन् मले टाकीजवळचा दगड आठवला. मी आत गेली, दार लोटलं. दुपार गेली, संध्याकाळ होत आली, मी बाहेर आली नाही. पाणी बी पिली नाही, पाणी पिलं म्हणजे जा लागन.

बाबाजीनं बाहेरून आवाज देल्ला, "माय, काऊन बाहेर नाही आली आजच्यान?"

मी दाराले पाठ लावून बसली.

"पसंत नाही का?"

"चमकतात हो, बाबाजी," मी आतूनच म्हटलं.

मंग बादलीचा आवाज आला. टाइलावर पाणी ओतल्याचा. अन् मंग धप्प, अन् मिस्त्रीचा आवाज, "या अल्लाह! चाचा!" मी दार उघडलं. बाबाजी टाइलायवर बसले होते, पाय समोर, धोतर ओलं, एक मनगट दुसऱ्या हातानं धरलेलं. मी रडाले लागली. मले वाटलं माह्याच्यामुळं झालं, मीच पनवती, जिथं जाते तिथं कोणी तरी पडते. पण बाबाजी माह्याकडं पाहत नव्हते. पडताना त्यायच्या पायानं कडेची एक टाइल उचकटून उलटी झाली होती, अन् ते चांगल्या हाताच्या मागच्या बाजूनं तिच्या पाठीवर घासत होते. टाइलीच्या पाठीवर कशा बारीक उभ्या-आडव्या रेघा राह्यतात, जाळीसारख्या, तशा.

"मिस्त्री," ते म्हणाले, "हे लोक चांगली बाजू खाली काऊन लपवतात बे?"

"चाचा, वो तो सिमेंट पकडाले राह्यते."

"मंग ते पायाले नाही का पकडनार?"

मिस्त्री डोक्याले हात लावून बसले. "चाचा, तुमच्या पाया पडतो. उलटी टाइल बसवली तं माहं नाव खराब होईन. लोग हँसेंगे मेरे पे. म्हणतीन, मिस्त्रीले सीधा-उल्टा समजत नाही."

"लोक वरून पाह्यतीन. हिचा पाय खालून पाह्यते," बाबाजी म्हणाले. "उचला साऱ्या."

मनगट सुजलेलं, हळद लावून फडकं बांधलं, अन् दुसऱ्या दिवशी सकाळपासून परत. यावेळी त्यायनं साऱ्या जिंदगीचं शिकलेलं काढलं. आधी वीतभर काळी माती उचलून टाकली, "हे माती गोटे गियते," म्हणाले, म्हणजे गिळते, "आज टाकलेला गोटा दोन पावसायनं पाताळात." मंग खताच्या रिकाम्या थैल्या उसवून अंथरल्या, म्हणजे माती खालून वर येणार नाही. त्याच्यावर नाल्यातले गोटे, त्याच्यावर मुरूम, पाणी मारून धुम्मसानं ठोकला, एका हातानं तो जड गोळा, मी म्हटलं राहू द्या तं म्हणे, "दुसरा हात सुट्टीवर हाय, हा ड्युटीवर." अन् त्याच्यावर त्या टाइला, उलट्या, मिस्त्रीनं तोंड फिरवून बसवल्या. पुरल्या नाहीत, म्हणून मंग पुढचा तुकडा नुसता मुरमाचा, अन् संडासापासून पुढं फाटकापर्यंतचा क्रशरच्या बारीक चुरीचा, जी दगड फोडताना खाली पडते.

अन् सारी वाट मधात उंच, दोन्ही अंगाले उतरती, मासोळीच्या पाठीसारखी. ते दोरी ताणून, वाकून, एक डोळा मिटून पाहत अन् म्हणत, "वाटेले पाठ पाह्यजे, पोट नाही. पोट आलं का पानी बसलं." मंग माह्याकडं पाहून हसत, "पोट तुले शोभते, माय. वाटेले नाही."

मी पह्यल्या दिवशी पाय ठेवला तं तळव्याले त्या रेघा लागल्या. टोचत नव्हत्या, धरत होत्या. जसं लहान लेकरू बोट धरते तसं. मी गेली अन् आली. मंग उगीच परत एकदा गेली अन् आली. बाबाजी भेंडी तोडत होते, वर पाह्यलं नाही, पण तोडलेली भेंडी बराच वेळ हातातच होती.

सकाळी मी उठाच्या आधी बाहेर पाय घासल्याचा आवाज ये. मले वाटे बाबाजी झाडायले पाणी देऊन राह्यले. एक दिवस लवकर उठली अन् खिडकीतून पाह्यलं, तं ते पाण्याची बादली न घेता नुसते वाटेवरून जाऊन-येऊन राह्यले, पाय रगडत, जिथं शेवाळ धरते असं वाटलं तिथं थांबून खराट्यानं घासत, चुना टाकत. रोज. मले कधी बोलले नाहीत. मी बी पाह्यलं असं सांगतलं नाही. पण त्या दिवसापासून मी तारेले धरणं सोडलं.

मंग भादव्यात तो दिवस आला. दुपारची वेळ, झिमझिम पाणी, हे जालन्याले, अन् माह्या पोटात कळ आली अन् पाणी गेलं. बाबाजी पळत मिस्त्रीकडं गेले, मिस्त्रीनं भावाचा ऑटो आणला, पण ऑटो फाटकाच्या बाहेर गल्लीत, आत येत नव्हता. दोनेक महिने झाले मी त्या वाटेवरून बिनधास्त चालत होती, अन् त्या दिवशी उंबरठ्यावर आली अन् पाय उचललाच नाही. सारं आलं परत. टाकी, शेवाळ, घागर. मिस्त्री म्हणाले, "चाचा, उचलून नेऊ." बाबाजी म्हणाले, "नाही. उचलनारा घसरला तं दोघं जातीन." मले हात बी नाही देल्ला त्यायनं. माह्या पुढं दोन पावलं उभे राह्यले, माह्याकडं पाठ करून, अन् म्हणाले, "डोये मीट लागन तं. मी सांगतो, तू पाय ठेव. टाइल."

मी ठेवला. रेघा लागल्या.

"टाइल," ते म्हणाले अन् पाऊल टाकलं, त्यायचा तो फताडा पाय, थप्प. "टाइल. टाइल. कय आली का? थांब. गेली? टाइल."

मी डोळे मिटले होते. कळ आली की थांबत होती, ते बी थांबत. पावसाचा आवाज अन् त्यायचा आवाज. "आता मुरूम येईन, जरा खरखरीत लागन पायाले. मुरूम. मुरूम. आता चुरी. चुरी कुरकुरन, भेऊ नको, ते बोलते. चुरी. चुरी."

मंग आवाज बंद झाला. मी डोळे उघडले. फाटक आलं होतं, अन् फाटकाच्या पलीकडं ऑटोपर्यंत पाच-सहा पावलं गल्ली, सारा काळा चिखल, चकचकणारा. ते बाबाजीचं नव्हतं. तिथं त्यायनं काही टाकलं नव्हतं.

मी म्हटलं, "बाबाजी, नाही जमत."

त्यायनं एकदा चिखलाकडं पाह्यलं, एकदा माह्याकडं. अन् त्यायनं फाटक धरलं. जुन्या बैलगाडीच्या फळ्यायचं फाटक होतं, बकऱ्यायसाठी केलेलं. मिस्त्रीले म्हणाले, "लाव हात." दोघायनं ते बिजागरीतून उपटलं अन् चिखलावर आडवं टाकलं, चिखल दोन्ही अंगानं उडाला, बाबाजीच्या तोंडावर, धोतरावर. मंग ते स्वतः त्याच्यावर चढले, दोनदा उडी मारली, हललं नाही.

"फयी," ते म्हणाले. "ये माय. फयी."

मी फाटकावरून चालून ऑटोत बसली. संध्याकाळी, दिवे लागाच्या वेळेले, मुलगी झाली. चांगली, रडणारी, सहा-सव्वासहा पौंडाची.

बाबाजी दवाखान्याच्या पायरीवर बसून राह्यले, चिखल वाळलेला तसाच. तिसऱ्या दिवशी घरी आलो तं बागेत काही नव्हतं. फाटक गल्लीतच पडून होतं, अन् बकऱ्यायनं वांगे, मेथी, भेंडी, सारं साफ केलेलं, शेवग्याची साल बी कुरतडलेली. फक्त वाट होती. मले रडू आलं. बाबाजी म्हणाले, "खाल्ल्यावर जे उरन ते पक्कं. मी म्हटलं नव्हतं का तुले?"

बाबाजी आता नाहीत. मिस्त्रीचा फोन आला तवा समजलं, मागच्या उन्हाळ्यात गेले, झोपेतच. घर आता त्यायच्या पुतण्याकडं आहे. त्यानं म्हणे वाट पाह्यली अन् म्हटलं, टाइला कोण्या अडाण्यानं उलट्या बसवल्या, सुलट्या करून घेऊ. मिस्त्री फोनवर सांगत होते, "मी सांगतलं त्याले, मीच बसवल्या. सोच के बसवल्या. हात लावाचा नाही."

पण मले एक दिवस सांगाचा आहे. आम्ही ती खोली सोडली तो.

मुलगी सोळा महिन्याची झाली होती अन् चालत नव्हती. चालन कशी, मी तिले खाली ठेवतच नव्हती. गादीवर ठेवत होती, मांडीवर, कडेवर, पण जमिनीवर नाही. सासूबाई फोनवर म्हणत, "पांगळी करशीन पोरीले." हे म्हणत, "ठेव ना बे जरा खाली." मी ठेवत नव्हती. बाबाजीनं इतक्या दिवसांत एकदाबी म्हटलं नाही.

सामान गाडीत भरून झालं, आम्ही खामगावले चाललो होतो. मी तिले कडेवर घेऊन निघाली तं बाबाजी वाटेवर बसलेले, जिथं टाइला संपतात अन् मुरूम सुरू होते तिथं. हिवाळ्याचं ऊन होतं. म्हणाले, "माय, एक डाव तिले खाली ठेव."

"पडन बाबाजी."

"हो. पडन."

मी उभी राह्यली. ते बी बसूनच राह्यले. हे फाटकात गाडीचा हॉर्न वाजवून राह्यले. मी वाकली अन् तिचे पाय टाइलीवर टेकवले, हात माह्या बोटाले. तिनं बोटं आकसली, मंग पसरली, तळवा टेकवला. आधी टाच नाही, सारा पाय एकदम, फताडा. बाबाजी त्याच पायाकडं पाहत होते.

"सोड," ते म्हणाले.

मी बोटं सोडवली. तिनं एक पाऊल टाकलं. मंग एक. टाइल संपली, मुरूम आला, तिच्या पायाले काही तरी वेगळं लागलं, ती थांबली, खाली पाह्यलं, अन् धप्पकन बसली.

मी धावली. बाबाजीनं हात आडवा केला, तोच, तवा मनगट सुजलेला. "थांब. वाट पक्की हाय."

मी थांबली. कशी थांबली ते मले आजबी समजत नाही. ती रडली नाही. बसल्या बसल्या तिनं मुरूम उकरला, मुठीत घेतला, दाबला, अन् हात वर करून मूठ उघडली. बाबाजी पुढं वाकले अन् तो मुरूम खाली पडताना पाह्यला, डोळे बारीक करून, अगदी जसे ते पाहत.

मंग तिनं दोन्ही हात जमिनीवर टेकवले, बूड वर केलं, अन् उठली. माह्याकडं नाही पाह्यलं. पुढं चुरी होती, अन् ती कुरकुरणारी चुरी ऐकाले ती चालत गेली.